बातम्यांचे अप्पा

पुण्यातल्या वाड्यांतून एक नळावर भांडणारी, एक वाटीभर साखर उसनी मागणारी आणि एक बातम्यांनी आजारी पडणारा अशी माणसं हटकून असत. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात हे तिसरं खातं अप्पांकडे होतं.

सातच्या सुमाराला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, साडेआठला दिल्लीहून राष्ट्रीय. पेन्शनर अप्पा मर्फी रेडिओसमोर पाट मांडून बसत, तेही अंगावर उपरणं घेऊन. वाईट बातमी उघड्या अंगानं ऐकू नये, हा त्यांचा दंडक. बिहारात पूर आला की इकडे त्यांचा चहा निवून जाई. आसामात गाडी घसरली की ते आपल्या पत्नीला, माईंना, विचारत, "आपलं कुणी नव्हतं ना गं तिकडे?" आपलं कुणी हडपसरच्या पुढे राहतच नव्हतं. बातम्या देणाऱ्या बाईंशी तर त्यांचा थेट संवाद चाले. "अहो बाई, जरा दम धरा! माणसं गेली तिथं, आणि तुम्ही लगेच कापसाच्या भावावर?"

पण "बातम्या संपल्या" हे शब्द कानी पडले की अप्पा मोठा सुस्कारा सोडत, बटण फिरवत आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणत, "आण गं पोहे."

अप्पांचं खरं वर्ष १९७९. त्या वर्षी २२ मार्चला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं सांगितलं आणि आकाशवाणीनंही ते देशाला ऐकवलं. अप्पांनी तडक डोक्यावरून अंघोळ केली, रात्रीचं जेवण नको म्हणून सांगितलं. मग कळलं की जयप्रकाशजी मुंबईत जसलोक रुग्णालयात आहेत, आणि जिवंत आहेत! अप्पांना आनंद झाला, नाही असं नाही. पण फसवून रडवल्याचा संताप त्याहून मोठा. "पोस्टात रेडिओचा परवाना भरतो मी! फुकट ऐकत नाही!" असं ते चौकात उभं राहून सांगत होते.

जुलैत स्कायलॅब आलं. ७७ टनांची अमेरिकी प्रयोगशाळा आकाशातून पडणार, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. अप्पांना मात्र ठाऊक होतं. "पानशेत धरण फुटलं ते १२ जुलैला. हे पडायचं ११ला. तारखा बघा!" पोरांना अंगणात झोपायची बंदी झाली आणि माईंची पितळी परात अप्पांच्या उशाशी गेली. त्या रात्री स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, कुणालाही इजा झाली नाही. सकाळी हे ऐकून अप्पा थोडे हिरमुसले, असं माई सांगत. मला ते पटत नाही. माई परातीवरून रागावलेल्या होत्या.

११ ऑगस्टला गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण फुटलं आणि मोरवी वाहून गेली. ती बातमी लागली तेव्हा अप्पा कुणालाच काही बोलले नाहीत. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा मुठेचं पाणी त्यांच्या बिऱ्हाडात शिरलं होतं. त्यांनी बातम्या संपायच्या आधीच रेडिओ बंद केला, पोस्टात गेले आणि पेन्शनमधून मनिऑर्डर करून आले. अप्पांची नक्कल करणारे वाड्यात पुष्कळ होते, मीही होतो. मनिऑर्डर करणारे ते एकटेच.

८ ऑक्टोबरला जयप्रकाशजी खरोखर गेले. सगळा वाडा हळहळला, अप्पा ढिम्म. "मार्चमध्येही असंच म्हणाले होते." दुसऱ्या दिवशी पेपरात काळ्या चौकटीतला फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, तेव्हा कुठे ते बंब पेटवायला उठले.

असे अप्पा अजून आहेत, बहुधा तुमच्याही घरात. त्यांना चिडवा, त्यांच्या नकला करा, माझी हरकत नाही. फक्त त्यांच्या हातात बातम्यांचा मोबाइल देऊ नका. त्यातल्या बाई "बातम्या संपल्या" असं कधी म्हणतच नाहीत, आणि पोहे गार होतात.