लिस्बनला नांदायला जाताना

लिस्बनला राहायला जाणारा मराठी माणूस विमानातून उतरतो तोच एक गैरसमज घेऊन. आपल्याला पोर्तुगीज निम्म्याहून जास्त येतं, असं त्याला वाटत असतं. बटाटा त्यांचा, साबण त्यांचा. चावी, बादली, घमेलं, लिलाव, अननस, पगार, सगळं त्यांचंच. वसईत ते होते, चौलला होते, गोव्यात तर १५१० पासून १९६१ पर्यंत ठाण मांडून होते. त्यांचा हा शब्दांचा ऐवज आपण इतकी वर्षं नीट सांभाळलाय, तो दाखवला की ते आपल्याला पोटाशी धरतील, अशी आपली भाबडी समजूत. प्रस्तुत मार्गदर्शनाची सुरुवात ही समजूत काढण्यापासून करू.

बेकरीत जाऊन पाव मागू नये. मूळ शब्दाच्या शेवटी एक भरभक्कम अनुनासिक आहे. तो आपण कधीतरी वाटेत सांडला. त्याच्याशिवाय उरतो तो 'पाउ', आणि पाउ म्हणजे लाकडाचा दांडका. बोलीत त्याला आणखी एक अर्थ आहे, तो इथे छापता येणार नाही. मी पहिल्या सकाळी, स्वच्छ पुणेरी उच्चारात, काउंटरमागच्या मुलीला चार पाव मागितले आणि वर 'मऊ असतील तर बरं' असं पाठ केलेलं वाक्य जोडलं. ती आत गेली. आतून आणखी दोघी बाहेर आल्या, मला बघायला. तेव्हा, सर्दी झाल्यासारखा आवाज काढून 'पाँव' म्हणावं, किंवा धोका न पत्करता 'पापु-सेकु' मागावा. लिस्बनमध्ये आपल्या पावासारख्या छोट्या पावाला तेच म्हणतात.

चावीचंही तसंच. इथे 'शाव' म्हणतात. पूर्वी त्यांच्याकडेही त्या अक्षराचा उच्चार 'च'च होता, पुढे त्यांनी तो बदलला आणि आपल्याला कळवलं नाही. म्हणजे आपण जे बोलतो ते पोर्तुगीजच, फक्त सोळाव्या शतकातलं. आणि पगार? इथे 'पगार' म्हणजे पैसे देणं. हॉटेलात वेटरला हाक मारून पगार म्हटलं की तो बिल आणतो. या एका शब्दात स्थलांतराचं सगळं अर्थशास्त्र आलं, पण ते असो.

सासरी पहिल्या दिवशी नाव घ्यावं लागतं, लिस्बनला नंबर घ्यावा लागतो. त्याला 'नीफ' म्हणतात: करदात्याचा नऊ आकडी क्रमांक. घराचा करार, विजेचं मीटर, महिन्याच्या बिलाचा मोबाइल, यातलं काहीच नीफशिवाय होत नाही. तो घ्यायला गेलं की पत्ता विचारतात, आणि पत्ता घ्यायला गेलं की घरमालक नीफ विचारतो. हा पेच कसा सुटतो हे ज्यांचा सुटलाय त्यांनाही सांगता येत नाही. पण खरी परीक्षा पुढे आहे. किलोभर कांदे घेतले तरी गल्ल्यावरची बाई मान वर न करता विचारते, 'कोंत्रिबुइंत?' मग तीन-तीनच्या गटात, न अडखळता, पोर्तुगीजमधून, मागे सहा जणांची रांग असताना नऊ आकडे म्हणायचे. उखाण्यासारखं घरी आरशासमोर पाठ करावं. इथली माणसं ते एका श्वासात म्हणतात. २०१४ साली सरकारने दुकानदारांना पावत्या फाडायला लावण्यासाठी नंबर घातलेल्या पावत्यांवर सोडत काढली आणि बक्षीस म्हणून चक्क आउडी मोटारी वाटल्या. पुढे मोटारी बंद झाल्या, बचतीची सरकारी प्रमाणपत्रं आली; सवय राहिली. काही बिलांमागे करातही थोडी सूट मिळते. मी पहिलं वर्षभर प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीमागे आउडीची वाट बघत होतो. बंद झाल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कचेरीत जाताना एक दिवस मोकळा ठेवावा. दारातच यंत्रातून टोकन, म्हणजे 'सेन्या', घ्यायचं असतं. त्यावर एक अक्षर आणि एक आकडा असतो. आकड्याला काही महत्त्व नाही, अक्षराला आहे. मी एकदा अडीच तास 'बी'च्या रांगेत काढले, आणि माझं काम 'ई'चं निघालं. सेन्या या शब्दाचा दुसरा अर्थ पासवर्ड असाही होतो, तो का, हे मला त्या दिवशी समजलं. सोबत मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स आणि पोळीभाजी ठेवावी. खिडकीपर्यंत पोचलात की कारकून सगळे कागद सावकाश वाचेल, टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवेल आणि खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणेल, 'फाल्ता उं पापेल.' एक कागद कमी आहे. चिडायचं नाही. चिडणारी माणसं इंग्रज किंवा जर्मन असतात आणि त्यांना पुढची तारीख मिळते. आपण मान डोलावून म्हणायचं, 'पोइश.'

हा 'पोइश' शिकलात तर व्याकरण नाही शिकलं तरी चालेल. त्याचा अर्थ हो, बरं, असं होय, खरंय, आता काय करणार, आणि फोनवर असाल तर 'मी अजून इथेच आहे'. आपल्या 'हं'चा सख्खा भाऊ. माझ्या ओळखीचा एक ठाणेकर अकरा वर्षं निव्वळ 'पोइश'वर इथे राहतोय आणि त्याच्या सोसायटीत तो अत्यंत समंजस गृहस्थ म्हणून प्रसिद्ध आहे.

दुकानाशी भांडण झालं तर मात्र शस्त्र आहे. प्रत्येक दुकानात, हॉटेलात, न्हाव्याकडेसुद्धा तक्रारींची लाल वही ठेवावी लागते, तसा कायदाच आहे. मागितली की द्यावीच लागते. गंमत अशी की ती लिहायची नसते, नुसती मागायची असते. परत न घेतली जाणारी माझी किटली वहीचं नाव काढताच परत घेतली गेली. वही कपाटातून निम्मी बाहेर आली होती, तेवढ्यावर भागलं.

घर. इथे बीएचके नसतं, 'ते' हे अक्षर असतं. 'ते'पुढचा आकडा म्हणजे झोपायच्या खोल्या. त्यामुळे 'ते-शून्य'मध्ये झोपायची खोलीच नसते आणि भाडं मात्र असतं. पत्त्यात मजल्यापुढे डावं की उजवं लिहितात. डावं म्हणजे जिना चढून वर आल्यावर डावं. दारात उभं राहून हे मनाशी ठरवत बसू नये, समोरची बाई पीपहोलमधून बघत असते. लिफ्ट आहे का विचारलं तर दलाल 'छान उजेड येतो' असं सांगतो.

हवेबद्दल सावध करणं भाग आहे. दक्षिण युरोप, ऊन, समुद्र हे ऐकून लोक स्वेटर पुण्यातच ठेवून येतात. बाहेर खरंच ऊन असतं. थंडी घरात असते. जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, भिंती ओल धरतात, आणि जानेवारीत माणसं घरात कोट घालतात आणि बाहेर पडताना काढतात. पहिल्या पगारात (आपल्या अर्थाने) पलंग न घेता ओल शोषणारं यंत्र घ्यावं. रात्रभरात ते लोटाभर पाणी काढतं, सकाळी ते ओतताना आपण विहिरीवर आहोत असं वाटतं. मी ते उशिरा घेतलं. तोवर माझ्या कोल्हापुरी चपलांवर हिरवट मखमल उगवली होती. तशाही त्या इथे निरुपयोगी. फुटपाथ चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी मढवलेले असतात. नक्षी देखणी, आणि पहिल्या पावसात साबण लावल्यासारखी. शहर टेकड्यांवर वसलेलं. उतरताना कोल्हापुरी असेल तर थेट नदीपर्यंत जाता येतं.

कॉफी उभ्याने प्यावी. 'बीका' म्हणजे दोन घोटांची काळी. दूध हवं तर ग्लासातली 'गालाँव', कपातली 'मैया द लैत'. अमृततुल्यची आठवण येणाऱ्याने गालाँव घ्यावी आणि डोळे मिटावेत. काउंटरला टेकून प्यायलेली बीका जवळपास एका युरोत होते. तीच बाहेर उन्हातल्या टेबलावर महाग, आणि इंग्रजी पाटीच्या, लाकडी फळीवर अंडी वाढणाऱ्या दुकानात तर तिच्या किमतीत दुपारचं जेवण निघेल. तिथे लॅपटॉप उघडून बसलेले लोक दिसतील. ते स्वतःला 'एक्सपॅट' म्हणवतात. मार्तीं मोनीशच्या चौकात सिलिंडर वाहणारा बांगलादेशी मुलगाही दुसऱ्या देशातूनच आलाय, पण त्याला कुणी एक्सपॅट म्हणत नाही. आपण कुठे बसतो हे आपण कॉफीला किती देतो त्यावरून ठरतं.

शाकाहाऱ्यांसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागेल, तूर्त थोडक्यात. 'मांस नको' म्हटलं की टूना येतो. भाजीचं सूप म्हणून आलेल्या हिरव्या सुपात सॉसेजची एक चकती तरंगत असते, ती 'चवीपुरती' असते. सामोसा दिसला म्हणून धावू नये. गोव्यामार्गे आलेला तो 'शामूसा' इथे कॅफे-कॅफेत मिळतो आणि बहुधा खिम्याचा असतो. बसल्या-बसल्या न मागता समोर येणारे ऑलिव्ह, पाव आणि लोणी म्हणजे आतिथ्य नव्हे. खाल्लं तर बिलात लागतं. अगदीच जीव कासावीस झाला तर राधाकृष्ण मंदिर गाठावं. दीवहून मोझांबिकला आणि तिथून १९७५ नंतर इकडे आलेल्या गुजराती मंडळींनी ते उभारलंय, तिथे वरण-भात मिळतो. आजारी पडलात तर शेजारी 'कांजा' आणून देतील: कोंबडीच्या रस्स्यातली पेज. शब्द आपल्या कांजीचा, कोंबडी त्यांची.

ऑगस्टमध्ये काही बिघडू देऊ नये. प्लंबर 'तेर्रा'ला, म्हणजे गावाला गेलेला असतो.

राहता राहिलं संबोधन. मोबाइलवर शिकवतात ते पोर्तुगीज ब्राझीलचं. त्यातला 'व्होसे' हा आदरार्थी समजून मी खालच्या मजल्यावरच्या आजींना उद्देशून वापरला. इथे तो 'ए, तुम्ही' अशा चालीवर ऐकू येतो. आजी चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना नावाआधी 'दोना' लावून, तृतीय पुरुषात, जणू त्या तिथे नाहीतच अशा थाटात बोलायचं असतं: दोना अमुकना दूध हवंय का? आपल्याकडे जुन्या सुना सासूशी असं बोलत.

हे सगळं पाठ झाल्यावर, जूनमध्ये, आई आली. तिने यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परतलो तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेरच्या कप्पीच्या दोरीवरून तिची सहावार सुती साडी लोंबत होती. दोरी आडवी होती, साडी उभी. तिचा पदर आजींच्या खिडकीवर पडद्यासारखा पसरला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

मी जिन्यातच तृतीय पुरुषी माफी जुळवायला लागलो. वर पोचलो तर आजी आमच्याच स्वयंपाकघरात. साडीचा काठ बोटांत धरून त्या आईला विचारत होत्या, 'आल्गुदाँव?' आई म्हणत होती, 'कॉटन, कॉटन. इचलकरंजी.' टेबलावर एक छोटी कुंडी, त्यात बारीक पानांचं गोल झुडूप, वर कागदाचं लाल फूल. संत अंतोनियोच्या सणाला हे रोप देतात, त्याचं नाव 'मंझिरीकु'. आईने ते 'मंजिरी' असंच ऐकलं.

मी घाईघाईने सांगितलं, 'आई, याला नाक लावायचं नाही हं, फक्त हात फिरवून हाताचा वास घ्यायचा, इथे तशी पद्धत आहे.'

'तुळशीला नाक लावतं का रे कुणी?' आई म्हणाली, आणि लोटीभर पाणी घालून तिने ती कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आजींना मराठी कळलं नाही, पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'पोइश.'

सणाच्या, म्हणजे बारा तारखेच्या रात्री खालच्या गल्लीत शेगड्या पेटल्या. साडी आत घ्यायची आम्ही विसरलो. आई पुण्याला परत जाऊन आता दोन महिने झाले. तीन धुण्यांनंतरही पदराला सार्डिनचा वास येतो, असं ती परवा फोनवर सांगत होती. साडी तिने अजून बोहारणीला दिलेली नाही.