पिंजऱ्याबाहेरचे हात

अहो, भोसरीत काय चाललंय, कानावर आलं की नाही? पूर्वी दोन शेठ टपरीवर भेटले की स्टीलचा भाव नाहीतर अडकलेलं बिल, एवढंच बोलायचे. आता उघड उघड हातांबद्दल बोलतात! "तुझा किती किलोचा?" "दहाचा. पोच तेराशे मिलिमीटर!" भर रस्त्यात, पोराबाळांसमोर!

आणि या रोबो-हातांच्या रंगावरून हमरीतुमरी. फानुक पिवळा, कूका नारिंगी, यास्कावा निळा. फानुकचा तर जपानात फुजीच्या पायथ्याशी अख्खा परिसर पिवळा, कामगारांच्या कपड्यांसकट. जेजुरीला भंडारा उधळावा तसा. कूका पक्का जर्मन म्हणून मिरवावा, तर २०१७ पासून तो चिनी मायडियाच्या घरात नांदतोय. एबीबीनंही आपला रोबोंचा धंदा जपानच्या सॉफ्टबँकेला विकायचं २०२५ मध्ये ठरवून टाकलं. कुळाचा अभिमान बाळगावा तरी कुणी!

पण खरा अनाचार पुढेच आहे. कोबॉट! इतकी वर्षं रोबो कसा जाळीच्या आत, मर्यादेत राहायचा. २००८ मध्ये डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सनं असा हात विकायला काढला, जो माणसाच्या शेजारी उघड्यावर काम करतो. आणि आमच्या चाकणच्या बजाजनं २०१० पासून तो कामाला लावलासुद्धा! धक्का लागला की म्हणे जागच्या जागी थांबतो. पीएमपीच्या बसमध्ये एवढी सभ्यता कुठं बघायला मिळते?

तेव्हापासून जो तो "जाळी नको, जाळी नको" करत डेमोला धावतोय. हात सोज्वळ असेल हो, पण त्याच्या हातातल्या पत्र्याची धार? ती कुणाला ओळखते? शिवाय माणसाजवळ वावरायचं तर हळू हलावं लागतं. मग सायकल टाइम बसत नाही, मग वेग वाढवतात आणि मग गुपचूप जाळी लावतात. सोवळं मोडलं कशाला मग?

सीएनसीवर जॉब चढव-उतरव करायचा आणि मशीनला मिनिटभर लागत असेल, तर कोबॉट शोभतो, हे मीही मान्य करते. पण टेबलावरून टेबलावर बारीक वस्तू ठेवायच्यात, तिथं बिचारा चार ॲक्सिसचा स्कारा रोबो चपळही आणि बहुधा स्वस्तही. १९७८ मध्ये यामानाशी विद्यापीठातल्या माकिनो सरांनी घडवलेला. त्याला विचारतो कोण? पाहुण्यांसमोर मनगट मुरडून दाखवता येत नाही ना!

आणि ग्रिपर, म्हणजे हाताचा पंजा! त्याचं तर नावच काढू नका. एकानं दहा किलोचा हात आणला. जॉब सात किलोचा, म्हणून निर्धास्त. ग्रिपर निघाला चार किलोचा. पेलोडमध्ये, म्हणजे उचलायच्या वजनात, तोही धरायचा असतो, हे पैसे भरल्यावर कळलं. आता म्हणे गडी जॉब चढवतो आणि हात ट्रेमधले नटबोल्ट उचलतो.

शेजारच्या गाळेवाल्यानं यातून काय धडा घ्यावा? तो दोन हातांचा बघायला गेलाय! एबीबीचा युमी, २०१५ चा. उचलतो किती? एकेका हातानं अर्धा किलो. आणि या गृहस्थाचा धंदा कसला, तर फोर्जिंगचा!