आकडेवाल्या साहेबांस, पांढुर्ण्याहून

पांढुर्णा,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रति,
रस्त्यांना आकडे वाटणारे साहेब,
मुक्काम दिल्ली

स. न. वि. वि.

आज आमच्याकडे गोटमार आहे. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेला पळस, आणि दोन्हीकडून दगड. दरवर्षी डोकी फुटतात, कधी जीवही जातो, तरी थांबत नाही. आपण आपलं डोकं सांभाळून घरात बसलेलं बरं, आणि बसलोच आहोत तर तुमचे आभार तरी मानावेत, असं मनात आलं.

उशीर झाला, माफी असावी. २०१० साली तुम्ही देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नव्यानं आकडे वाटलेत. त्यात आमचा एकोणसत्तर काढून घेतलात आणि सत्तेचाळीस हातावर ठेवलात. म्हणजे बावीसचा रोख तोटा. गावात कोणी ब्र काढला नाही, कारण कोणाला कळलंच नाही.

ओबेदुल्लागंजहून निघायचं, होशंगाबादला नर्मदा ओलांडायची, इटारसी, बैतूल, तापी जिथं उगम पावते ते मुलताई, मग आमचं पांढुर्णा, सावनेर आणि शेवटी नागपूर, असा तो साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरांचा एकोणसत्तर. तुम्ही भाऊबंदकीतल्या शेतासारखी त्याची वाटणी केलीत. बैतूलच्या वरचा भाग शेचाळीसात, खालचा सत्तेचाळीसात. पुढे होशंगाबादचंही नर्मदापुरम झालं. त्यामुळे जुन्या नंबराचा जुना रस्ता जुन्या गावावरून कसा जात होता हे नातवंडांना सांगायचं, तर आधी तासभर शब्दार्थ सांगावे लागतात.

एकोणसत्तराचा एक गुण मात्र तुमच्या फायलीत नोंदला गेला नसावा. पिवळ्या टोपीच्या दगडावर इंग्रजीत लिहिलेला तो आकडा दगड उलटा पडला तरी तसाच वाचता यायचा. आमच्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, दगड उलटे पडणं काही नवलाचं नाही. सत्तेचाळीसचा दगड उलटा पडला की काय दिसतं, ते एकदा खाली डोकं वर पाय करून तुम्हीच पाहा.

तुमचा नियम मी वाचला आहे. दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘वर बैतूल, खाली नागपूर’ म्हणत आलो, म्हणजे आमच्या हिशेबानं रस्ता दक्षिणोत्तर. तुम्ही तो पूर्व-पश्चिम ठरवलात. रागानं नकाशा काढून पट्टी लावली, तर नागपूर आमच्या खाली जितकं आहे त्यापेक्षा थोडं जास्तच उजवीकडे निघालं. तुम्ही खरे, आमचे आजे-पणजे खोटे. शिवाय आमचा हा सत्तेचाळीस आता थेट गुजरातेतल्या बामणबोरपासून निघतो, अहमदाबाद, गोध्रा, इंदूर करत. बामणबोरात आमचं कोणी नाही. ओळख करून घेऊ.

दिशा बदलून घ्यायची सवय आम्हाला आहे म्हणा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. सरकारदरबारी काम निघालं की याच रस्त्यानं खाली उतरायचं. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही मराठी बोलत होतो तिथंच, मध्य प्रदेशात, राहिलो. राजधानी मात्र भोपाळला, म्हणजे याच रस्त्याच्या वरच्या टोकापलीकडे, जाऊन बसली. रस्ता तसूभर हलला नाही, आम्हालाच उलटं तोंड करून उभं राहावं लागलं. तेही आम्ही अर्धंच केलं. अर्ज वर जातो, आजारी माणूस खाली. मुलीही बऱ्याचशा खालीच दिल्या. आणि आमच्या मातीतली संत्री खाली गेली की नागपुरी होतात.

सौंसरवाल्यांची गंमत तर आणखी वेगळी. त्यांचा रस्ता सावनेरहून निघतो, सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानीचा घाट चढतो आणि छिंदवाड्यावरून नरसिंहपूरला जातो. पूर्वी तो २६-बी होता. म्हणजे झाशीहून सागरमार्गे लखनादौनला जाणाऱ्या सव्वीसाचं, नरसिंहपूरकडचं लेकरू. तुमच्या नव्या शास्त्रात फाट्याला आईचे दोन आकडे लावून त्यांच्या आधी एक आकडा जोडतात, म्हणून तो झाला ५४७. रस्ता तोच, खड्डे तेच, फक्त आई बदलली. नरसिंहपूरच्या लेकराला तुम्ही सावनेरच्या चौकात आमच्या ओटीत घातलंत. तेरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सरकारनं छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा केला, तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. दत्तकविधान आधीच झालेलं होतं.

बाकी सौंसरला आकड्यांची पर्वा नसावी. तिथल्या मँगनीजवाल्या खडकांच्या अख्ख्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी सौंसरचंच नाव दिलंय. ते खडक तुमच्या खात्याच्या पुष्कळ आधीपासून तिथं आहेत, आणि अजून कोणी त्यांचं नाव बदललेलं नाही.

आमचा एकोणसत्तर हल्ली कुठे असतो, याची चौकशी केली. कर्नाटकात होन्नावरला सापडला. तिथून तो शिवमोग्ग्याकडून आंध्रातल्या चित्तूरपर्यंत जातो. उभा जन्म सातपुड्याच्या घाटांत, कापसाच्या गाड्यांमागे धूळ खात काढला, आता म्हातारपणी समुद्रकिनाऱ्यावर बसलाय. चांगलं झालं. उलट आमच्या वाट्याला आलेला सत्तेचाळीस पूर्वी सालेमहून कोची, तिरुवनंतपुरम करत कन्याकुमारीला पोचायचा. तीन समुद्र पाहिलेला हा आकडा आता मुलताईच्या उतारावर ट्रक मोजतो. अशी बदली एखाद्या कारकुनाची झाली असती तर तो कोर्टात गेला असता.

परवा चहाच्या टपरीवर मी ही सगळी हकिकत सांगितली. टपरीवाल्यानं गाळणी झटकत विचारलं, “मंग आता नागपूर दूर झालं का जवळ?” म्हटलं, तितकंच आहे. “मंग आकडा कोनताबी लावा ना भाऊ, रस्ता तं नागपूरलेच जाते.” आणि माझ्यापुढे कटिंग ठेवला. त्याच्या टपरीच्या पाटीवर अजून एन. एच. ६९ च आहे. रंगाऱ्याला पुन्हा पैसे कोण देणार, हा त्याचा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतो.

एक विनंती. चौपदरीकरणात निघालेला एखादा पिवळ्या टोपीचा दगड तुमच्या गोदामात पडून असेल तर आम्हाला द्या. आमच्या गावात दगड ठेवणं धोक्याचं आहे हे खरं, पण हा आम्ही नदीपासून लांब ठेवू. उलटा ठेवला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पूर्वी ६९ वरचा, सध्या ४७ वरचा एक रहिवासी

ता. क. उत्तर पाठवलंत तर पत्त्यात महामार्गाचा नंबर घालू नका. आमचा पोस्टमन जुना आहे, पत्र होन्नावरला पाठवायचा.