सरड्याचं पथ्यपाणी

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सकाळी पहिली भाजी चिरली जाते ती सरड्याची. माणसांच्या डब्यांचा नंबर त्याच्यानंतर. शेवग्याचा कोवळा पाला, त्यावर किसलेला लाल भोपळा, शोभेला जास्वंदीच्या दोन पाकळ्या, आणि वरून अनारशावर खसखस पेरावी तशी पांढरी पूड. ती कॅल्शियमची. ज्याच्यासाठी हा थाट, तो हातभर लांबीचा ऑस्ट्रेलियन सरडा दिव्याखाली डोळे मिटून पहुडलेला. ताट पुढे आलं तरी मान वळवायची तसदी घेत नाही.

बाकीचं एक वेळ सोडा, पण जास्वंद? गणपतीची जास्वंद? पार्किंगमधल्या झाडाची फुलं पहाटे नाहीशी होतात म्हणून आम्ही इतके दिवस पिशवी घेऊन फिरायला येणाऱ्या आजोबांकडे संशयाने बघत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांना जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणतो कसा, "काकू, बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं. त्याला नाही चालत." बाप्पाला चालतं, ह्याला चालत नाही!

ह्या पाहुण्याचं नाव बिअर्डेड ड्रॅगन. लाडाने 'बिअर्डी'. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, तीच त्याची दाढी. कोथरूड, बाणेर, वाकड, जिथे जावं तिथे कुणाच्या तरी भाच्याकडे असतोच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण म्हणत आलो. आता कुंपण काचेचं आहे आणि आत थर्मामीटर लावलेला आहे. ज्या घरात पाल अंगावर पडली तर पंचांग काढून फळ बघायचे, त्या घरात नातू सरडा खांद्यावर घेऊन झूमवर मीटिंगला बसतो. अर्थात पुण्याने तरी फार नाकं मुरडू नयेत. १९८० साली ह्याच शहरात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले होते आणि आपण रांगा लावून बघायला गेलो होतो. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं.

पण साप बिचारे आठवड्या-पंधरवड्याने एकदा जेवतात. ह्याचं वेळापत्रक बघा. सकाळी दिवा लागला की तास-दीड तास अंग शेकायचं, त्याशिवाय अन्नाला तोंड लावायचं नाही. दिव्याखालच्या दगडावर ४० अंशांच्या आसपास ऊब लागते, कारण थंड अंगाने त्याला पचतच नाही. जेवण झालं की पुन्हा दगडावर, म्हणजे शुद्ध वामकुक्षी. आणि दिवा मालवायच्या आधी दोन तास ताट बंद. दिवेलागणीच्या आत जेवा म्हणून ज्या मुलाला आजीने वीस वर्षं सांगितलं, तो स्वतः रात्री साडेअकराला बिर्याणी मागवतो आणि सरड्याला मात्र आजीचा नियम लावतो.

भाज्यांचं तर विचारूच नका. पालक बंद. चुका बंद. राजगिरा जवळजवळ बंद. अळू? नावसुद्धा काढू नका. म्हणजे आपल्या लग्नातली पंगत त्याला अख्खी वर्ज्य! कारण त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. अळूने आपल्या घशाला खाज सुटते ती त्याच ऑक्झलेटच्या सुयांमुळे, तेव्हा हे पथ्य अगदीच थोतांड नाही. परदेशी तक्ते बघून काही हौशी मंडळी केल आणि कोलार्ड शोधत दुकानं पालथी घालतात. अरे, मंडईच्या मागच्या गल्लीत शेवगा उभा आहे! भरपूर कॅल्शियम, ऑक्झलेटची फारशी कटकट नाही. आपण शेंगा आमटीत घालतो आणि पाला कचऱ्यात टाकतो. घेवडा, भोपळा, थोडं गाजरही चालतं. आंब्याची फोड मात्र क्वचित, साखर फार म्हणून. परवा मे महिन्यात त्याला हापूसची फोड भरवताना पाहिलं आणि मला माझ्या वाटणीची पायरी आठवली.

आता कान इकडे करा, खरी बातमी पुढेच आहे. त्यांच्याकडे झुरळं आहेत. घरात निघालेली नव्हे, पाळलेली! पैसे मोजून, कुरिअरने मागवलेली! अंड्यांच्या ट्रेमध्ये, झाकणाच्या डब्यात, बाल्कनीच्या कपाटात. सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे देते आणि हे लोक झुरळांचं बाळंतपण करतात. हो, बाळंतपणच, कारण ही दक्षिण अमेरिकेतली डुबिया जातीची झुरळं अंडी घालत हिंडत नाहीत, थेट पिल्लं देतात. गुळगुळीत काचेवर त्यांना चढता येत नाही, असं मला आश्वासन मिळालं आहे. सरड्यापुढे ठेवण्याआधी दिवसभर त्या झुरळांनाही गाजर आणि पाला खायला घालायचा. जे त्यांच्या पोटात, ते ह्याच्या पोटात. झुरळाला किसलेलं गाजर! कामवाल्या मावशींनी त्या दिवसापासून बाल्कनी झाडायची सोडली आहे.

बाल्कनीतला फुकटचा नाकतोडा का नाही, असं मी विचारून पाहिलं. महापालिका डासांसाठी धूर मारते, शेजारी झुरळांना जेल लावतात. ते खाल्लेला किडा सरड्याला विष. काजवा तर नकोच नको. अमेरिकेत काजवा खाऊन हे सरडे दगावल्याची नोंद आहे. तेव्हा जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला जाल तर बिअर्डीला घरीच ठेवा. किड्याचं मापही ठरलेलं: सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

ह्या लाडात एक गोष्ट मात्र मला खरोखर खटकते. सरडा पिल्लू असताना किडे जास्त आणि पाला कमी लागतो. वर्ष-दीड वर्षात वाढ पुरी झाली की ताट उलटं करायचं, पाला रोज आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा. इथेच पुणेरी माया आडवी येते. "पाला खातच नाही हो, किडे दिले की कसा धावतो!" म्हणून रोज गुबगुबीत अळ्या. मग सरडा वाटीतल्या पुरणासारखा पसरतो आणि यकृतात चरबी साठते. नातवाला वरण-भात नको म्हणून रोज वेफर्स देणाऱ्या आजी-आजोबांचीच ही पुढची पिढी. चारचौघांत कुजबुज करायची तर सरडा पाळल्याची नव्हे, त्याला लठ्ठ केल्याची करावी.

दुसरं म्हणजे उन्हाचा हिशेब. "आमच्या हॉलमध्ये काय छान ऊन येतं!" येतं ना, पण बंद काचेतून. त्याला लागणारे यूव्ही-बी किरण काच आत सोडत नाही, आणि ते नसतील तर कॅल्शियमची कितीही पूड टाका, अंगी लागत नाही. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून वेगळी ट्यूब लावावी लागते आणि ती डोळ्यांना लख्ख दिसत असतानाच बदलावी लागते, कारण प्रकाश टिकतो आणि किरण आधी संपतात.

ऑस्ट्रेलिया आपल्या वन्यजीवांची अशी विक्री परदेशात करू देत नाही, तेव्हा जगभरच्या बिअर्डींचे पूर्वज कधीतरी चोरवाटेनेच बाहेर पडलेले. आजही थायलंडहून येणाऱ्या बॅगांमधून मुंबई विमानतळावर सरडे-कासवं निघतात. घोरपड आणि तारा कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि इग्वाना असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. तेव्हा मंडळी, घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडे पिल्लू कुठलं ते लेखी मागा, सरड्याच्या आधी ट्यूब विकत घ्या, आणि पार्किंगमधली जास्वंद चतुर्थीपुरती तरी शिल्लक ठेवा.