कॅम्परव्हॅन पाकसिद्धी : दिल्लीस्थित मराठी तरुणांसाठी मार्गदर्शक सूचना

दिल्लीहून लेहला कॅम्परव्हॅनने जायचे ठरले की पहिल्या बैठकीत गाण्यांची यादी होते, दुसऱ्या बैठकीत गाडीचे बारसे होते आणि जेवणाचा विषय ‘ते वाटेत बघू रे’ या ठरावाने एकमताने निकालात निघतो. प्रस्तुत सूचना त्या ठरावाविरुद्ध काढण्यात येत आहेत. गुरुग्राम, नोएडा व द्वारका परिसरात नोकरीनिमित्त राहणारे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये डब्यावर पोसलेले आणि स्वयंपाकाच्या अनुभवाच्या रकान्यात ‘चहा, अंडे’ एवढेच लिहू शकणारे सर्व तरुण-तरुणी या सूचनांना पात्र समजावेत.

वाहन व ओटा

आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्परव्हॅन मुळात टेम्पो ट्रॅव्हलरच असतात. म्हणजे गाडी आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, पूर्वीच्या बजाज टेम्पोची. तिच्यातली बाके काढून पलंग, पाण्याची टाकी आणि हातभर लांबीचा ओटा बसवला की तिचे दिवसाचे भाडे एकदम वधारते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले; मात्र त्या ओट्यावर काय शिजवावे याबाबत कोणतेही धोरण मौनच पाळते.

इन्स्टाग्रामवर या ओट्यावर कायम कॉफी उकळत असते आणि मागच्या उघड्या दारातून बर्फाची शिखरे दिसतात. कॉफी उतू गेल्यावर गादी कोण पुसते, हे त्या रीलमध्ये दाखवत नाहीत. ज्या गाडीत स्वयंपाकघर आणि शेजघर यांच्यात वीतभर अंतर आहे, तिथे आतल्या आत खमंग फोडणी दिल्यास सगळ्यांना शिंका येतात, डोळ्यांना पाणी येते आणि पुढचे चार दिवस रजया हिंगाच्या वासाने दरवळतात. तेव्हा शेगडी गाडीबाहेर, मागच्या दाराच्या आडोशाला मांडावी. थंडीवाऱ्याचे निमित्त सांगून कोणी दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटवू लागला तर त्याला बहुमताने रोखावे. बंद जागेत पेटती शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते आणि हा वायू वास न देता माणूस मारतो. दिल्लीत हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने झोपेतच जीव गेल्याच्या बातम्या येत असतात. एवढी एक सूचना गंभीरपणे वाचावी.

इंडक्शनचा मोह धरू नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरता येते. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी ती अर्ध्या तासाच्या आत पिऊन टाकते. त्यानंतर दिवे नाहीत, फोन चार्ज होत नाहीत आणि राजमा कच्चा असतो. त्यापेक्षा इंडेनचा ‘छोटू’ म्हणून ओळखला जाणारा पाच किलोचा सिलिंडर बरा. तो काही पेट्रोल पंपांवरही ओळखपत्र दाखवून मिळतो.

इतिहासातून घ्यावयाचा बोध

राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून उत्तरेकडे निघालेल्या मराठी माणसाला दोनेक तासांत पानिपत लागते. दिल्ली परिसरातली मराठी माणसांची सर्वांत मोठी मुक्कामी सहल इथेच, १७६० च्या हिवाळ्यात झाली. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तिथले धान्यही हाती लागले. तेवढ्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीकडचा रस्ता अडवला. दोआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत न लढणारी हजारो तोंडे होती. १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या सुमारास, फौज उपाशीपोटी रणात उतरली. लढाईच्या डावपेचांवर अजून वाद झडतात. शिदोरी संपली होती, याबद्दल कोणाचा वाद नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला, रसदेची वाट एकच नसावी : ‘मनालीत सगळं मिळतं’ या एका वाक्यावर आठवडा काढू नये. दुसरा, बाजारबुणगे आधी मोजावेत. प्रत्येक गटात दोन जण असे असतात की जे चिरत नाहीत, ढवळत नाहीत, घासत नाहीत. फक्त पहिला घास घेऊन ‘मीठ कमी आहे का रे?’ एवढेच विचारतात. त्यांच्याकडे भांडी द्यावीत आणि हा निर्णय निघण्यापूर्वी लेखी घ्यावा.

साहित्य

गाडीतला चांगला स्वयंपाक गाडी सुटण्यापूर्वीच झालेला असतो. त्यामुळे घरून येणारे पार्सल हाच या मोहिमेचा कणा मानावा. त्यात पुढील जिन्नस असावेत : मेतकूट, शेंगदाण्याची व जवसाची चटणी, भाजलेला रवा, पातळ पोहे, बेसन, मूगडाळ, तांदूळ, गूळ, तूप, कोकम, बाकरवडी. शिवाय एक बाटली तयार फोडणी : तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची कुरकुरीत करून, हळद घालून, गार करून भरलेली. ही बाटली असली की रस्त्यावरचा निम्मा धूर वाचतो. शेंगदाणे आणि मसाले खारी बावलीतही मिळतील. मात्र गोडा मसाला तिथे मागितल्यास दुकानदार गरम मसाल्याची पुडी पुढे करेल. वाद घालू नये, पार्सलची वाट पाहावी.

मसाल्यावरून गटात फूट पडण्याचा धोका असतो. कोल्हापूरकर कांदा-लसूण मसाला घेऊन येतो, नागपूरकर सावजीचा मसाला, आणि पुणेकर पोह्यांत चिमूटभर साखर घालतो व ती घातल्याचे नाकारतो. तिन्ही डबे गाडीत घ्यावेत. कोणता उघडायचा हे त्या दिवशी गाडी चालवणारा ठरवेल.

पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणाव्यात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या या भाकऱ्या मऊ राहतात, सुक्या चटणीबरोबर चालतात आणि शेगडी लागत नाही. मे-जूनमध्ये दिल्लीत पारा ४५ अंशांकडे जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून बराच वर. म्हणून ओल्या नारळाची चटणी, दही, उरलेला भात हे प्रकार आत ठेवू नयेत. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये आणि बत्तीस अंशांच्या वर तर तासभरच, हा अन्नसुरक्षेतला सर्वमान्य नियम आहे. ‘वास तर बरा येतोय’ ही चाचणी ग्राह्य धरली जाणार नाही.

कृती : मुक्कामानुसार

नवशिके आचारी पदार्थ आधी ठरवतात आणि मग जागा शोधतात. इथे उलटे करावे. गाडी जिथे उभी राहील त्यावरून पदार्थ ठरवावा.

*पेट्रोल पंप.* रात्री उभे राहायला पंपाचे आवार सोयीचे : दिवे असतात, शौचालय असते, माणसांचा राबता असतो. आणि नेमकी तिथेच काडी ओढायची नसते. म्हणून पंपावर दडपे पोहे. पातळ पोह्यांत बारीक कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ आणि दाणे घालून वर बाटलीतली फोडणी ओतावी, हाताने कालवावे आणि वर ताटली दडपून पंधरा मिनिटे गप्प बसावे. कांदा-टोमॅटोच्या पाण्यावरच पोहे मऊ होतात. गप्प बसणे ही या कृतीतली सर्वांत अवघड पायरी आहे. दर दोन मिनिटांनी ताटली उचलून पाहणाऱ्याचे पोहे वातडच राहतात.

*ढाबा.* दिल्लीपासून पन्नासेक किलोमीटरवर, सोनीपत जिल्ह्यात मुरथल. इथले ढाबे रात्री-अपरात्री चालू असतात आणि पराठ्यावर लोण्याचा पांढरा गोळा येतो. मुरथलला गाडी थांबवून ओट्यावर खिचडी टाकणे हा अन्नाचा आणि यजमानांचा अपमान समजला जाईल. तिथे पराठाच खावा. प्रश्न पुढे येतो. करनाल, कुरुक्षेत्र, अंबाला, प्रत्येक थांब्यावर दाल मखनी, शाही पनीर आणि लोणी असा क्रम चालू राहतो आणि तिसऱ्या दिवशी कोकणातला गडी मेनूकार्ड पालथे घालून ‘नुसता भात मिळेल का?’ विचारू लागतो. ही वेळ पिठल्याची असते. ढाब्यावरून फक्त तंदुरी रोट्या घ्याव्यात; कांदा आणि हिरवी मिरची बहुधा सोबत येतेच.

पिठले असे. एक वाटी बेसनात आधी एक वाटी गार पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात. कढईत फोडणी, लसूण, तिखट, वर दोन वाट्या पाणी. ते खळखळू लागले की भिजवलेले बेसन एका हाताने ओतावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. गाडीत ही पायरी साधारणपणे फोनवर पार पडते.

“आई, गुठळ्या झाल्यात.”

“अगं, मग कोरडंच टाकलंस ना उकळत्या पाण्यात?”

“नाही गं.”

“खोटं बोलू नकोस. रवीने घोट आता. रवी आहे का?”

रवी नसते. झाकण लावलेल्या बाटलीत गार पाण्याबरोबर बेसन हलवून घेतले तर रवी लागत नाही आणि फोनही लागत नाही.

*मोकळे शेत.* थंडीत हरियाणात महामार्ग सोडून आत वळले की मोहरीची पिवळी शेते लागतात. मालकाला विचारून बांधापाशी थांबता आले तर कुकर लावावा. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, गोडा मसाला, दोन कोकमे. कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, डाळ फेसाळून शिट्टीत अडकते. तीन शिट्ट्या. शेतमालक पाहायला आला तर त्यालाही ताट वाढावे. जाताना तो मुळे आणि साग देईल ही शक्यता मोठी आहे.

उंचीवरील विशेष तरतुदी

अटल बोगद्यातून, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२० पासून खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या भुयारातून, गाडी लाहौलमध्ये उतरली की स्वयंपाकाचे नियम बदलतात. साधारण दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. लेहला, सुमारे साडेतीन हजार मीटरवर, पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते आणि वाटेतल्या आणखी उंच सरचूला त्याहूनही कमी तापमानाला. उघड्या पातेल्यात डाळ तासभर उड्या मारते, बुडबुडे जोरदार दिसतात आणि दाणा दाताखाली टचकन वाजतो.

इथे कुकर कामाला येतो. तो बाहेरच्या हवेच्या दाबावर आपला दाब चढवतो, त्यामुळे लेहमध्येही आतले पाणी शंभराच्या बरेच वर जाते. दिल्लीइतके नव्हे, म्हणून तीनऐवजी पाच शिट्ट्या द्याव्यात. तूरडाळ आणि राजमा दिल्लीतच ठेवून यावे. मूगडाळ, भाजलेला रवा आणि तांदूळ एवढ्यावर भागते. उंचीवर भूक मरते. मऊ भात, तूप आणि मेतकूट घशाखाली उतरते, पनीर उतरत नाही.

पहाटे शेगडी मिणमिणली तर सिलिंडर संपला असे समजून घाबरू नये. एलपीजीतला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायला कुरकुरतो. सिलिंडर रात्री वाऱ्याच्या आडोशाला ठेवावा आणि सकाळी उन्हात सरकवावा. त्याला गरम पाण्यात ठेवणे, शेकोटीजवळ नेणे हे प्रकार वर्ज्य.

मॅगीबाबत. १९८० च्या दशकात भारतात आलेला हा पदार्थ २०१५ मध्ये काही महिने बाजारातून गायब झाला, तेव्हा डोंगरातल्या टपऱ्यांवर काय शोककळा पसरली असेल याची कल्पना करावी. मॅगीला बंदी नाही. मात्र पाकिटावरची दोन मिनिटे सपाटीवरही जरा आशावादीच. सरचूला घड्याळ न पाहता चाखून पाहावे. दिवसातून एकदाच, आणि शक्यतो टपरीवर, म्हणजे भांडी त्यांची.

परतीचा प्रवास

परतताना पानिपतला महामार्गाकाठी पचरंगा लोणच्याची दुकाने ओळीने दिसतात. मराठी गट इथे थांबतोच. ‘काला आंब’ या १७६१ च्या लढाईच्या स्मारकाला नमस्कार करून येतो आणि प्रत्येकी दोन बरण्या घेतो. या बरण्या पलंगाखाली ठेवू नयेत. गुरुग्रामच्या सिग्नलवर ब्रेक लागतो, झाकण सैल होते आणि मोहरीचे तेल गादीत मुरते. मग भाड्याने गाडी देणारा अनामत परत करताना हुंगत हुंगत आत फिरतो. बरणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रिकाम्या कुकरमध्ये उभी करावी, बाजूने टॉवेल कोंबावा, झाकण लावावे आणि शिट्टी काढून खिशात ठेवावी. ती कोणाच्या खिशात आहे हे गटात जाहीर करावे, कारण सोमवारी रात्री फ्लॅटमध्ये भात लावायची वेळ येते तेव्हा शिट्टी सहसा नोएडाला गेलेली असते.