ऐकलंत का, यादी लागली!

अहो, ऐकलंत का? आमचे हे आणि पलीकडचे भाई परत बोलायला लागले! आज सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गेटापाशी उभे राहून चांगली पंधरा-वीस मिनिटं… नाही हो, आवाज चढलेला नव्हता. हसत होते! ऑक्टोबरपासून तोंडं फिरवून होते दोघं, तुम्हाला काय वेगळं सांगायचं, अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. दिवाळीचा फराळ मी मागच्या दाराने पोचवला आणि भाईंच्या घरच्या बेननी मठियांचा डबा कंपाउंडवरून दिला. आम्ही बायकांनी सांभाळलं म्हणून, नाहीतर… जाऊ दे.

तर काय सांगत होते, याचं मूळ ऑगस्टात आहे. १९ ऑगस्ट. आशिया कपची टीम जाहीर व्हायची होती मुंबईत, आणि मुंबईत पाऊस म्हणजे काय विचारू नका. प्रेस कॉन्फरन्स लांबतच चालली. यांनी पिपरियाच्या फॅक्टरीतून हाफ डे टाकलेला, कारण काय सांगितलं ते तुम्ही विचारू नका आणि मी सांगत नाही. भाईही आमच्याकडेच येऊन बसले, कारण त्यांच्या टीव्हीवर दुपारी बेनचं राज्य. चहा दोनदा झाला. शेवटी एकदाचे सिलेक्शन कमिटीचे आगरकर आले, शेजारी कॅप्टन सूर्यकुमार. नावं यायला लागली आणि यांचे ओठ हलतायत, श्रेयस, श्रेयस. यादी संपली. श्रेयस नाही! यांनी रिमोट उचलला, मागचं बॅटरीचं झाकण काढलं, परत बसवलं, परत काढलं. तोंडातून हू की चू नाही.

भाई मात्र हसायच्या बेतात होते हं, मी पाहत होते. आणि तेवढ्यात व्हाइस कॅप्टन म्हणून गिल! अहो, जानेवारीत इंग्लंडविरुद्ध तो मान अक्षर पटेलचा होता ना? नडियादचा अक्षर. भाईंचं आजोळ नडियाद, म्हणजे बघा. ते अर्धं हसू तसंच राहिलं तोंडावर. "अक्षरने काढी मूक्यो?" एवढंच म्हणाले. एका सोफ्यावर दोन पुरुष, दोघांची तोंडं एवढीशी.

आता तुम्हीच सांगा, त्या श्रेयसने करायचं काय बाकी ठेवलं होतं? आयपीएलमध्ये ६०४ रन, पंजाबला फायनलपर्यंत नेलं. त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्याला कप मिळवून दिला. चॅम्पियन्स ट्रॉफीत आपल्याकडून सगळ्यांत जास्त, २४३ रन त्याचेच. वडील बिचारे पेपरात बोलले, पोराने आता आणखी काय करायचं म्हणून. घरी चिडत नाही म्हणे, नशीब म्हणतो आणि गप्प बसतो. हे वाचलं आणि माझा घास घशात अडकला हो. नाव अय्यर असलं म्हणून काय झालं, पोरगा शिवाजी पार्क जिमखान्यात घडलाय, आमरे सरांच्या नजरेखाली.

आणि आगरकरांचं उत्तर? त्याची काही चूक नाही, आमचीही नाही, तुम्हीच सांगा कुणाच्या जागी घेऊ! अहो, हे मी कुठे ऐकलंय माहितेय? माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी. "मुलगी छान आहे हो, नाव ठेवायला जागा नाही, पण योग नाही." कांदेपोहे खाऊन, बशी पुसून, वाटाण्याच्या अक्षता लावून मंडळी निघाली. आई म्हणायची, रंगाने सावळी आहे म्हणून तोंडावर सांगा, सोसेल आम्हाला. पण ही साखर पेरलेली भाषा नको. माझंही तेच म्हणणं आहे. वगळायचं तर वगळा, पंधरा म्हणजे पंधराच होणार. पण अमुक कमी पडतंय म्हणून सांगा ना! चूक कुणाचीच नाही तर मग पोरगा घरी कसा?

त्यातून आगरकर आपलेच. आचरेकर सरांच्या हाताखालचे, लॉर्ड्सवर शतक ठोकलेले. आमच्या सासूबाई ऑगस्टपासून टीव्हीवर ते दिसले की पदर सावरून आत निघून जातात. रागाने हं, लाजून नाही!

बरं, ते असो. खरी ठिणगी पडली ४ ऑक्टोबरला. तुम्ही तेव्हा वापीला होतात ना लेकीकडे? म्हणून तुमच्या कानावर अर्धवटच आलं. वेस्ट इंडीजची टेस्ट अहमदाबादला, तीन दिवसांत आटोपली. आणि त्याच दिवशी, तिथेच अहमदाबादला, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याची यादी. वन डेची कॅप्टनशिप रोहितकडून काढली आणि दिली गिलला! अहो, मार्चमध्ये दुबईला फायनलमध्ये ७६ मारून कप घेऊन आलेला माणूस! बोरिवलीत वाढलेला. आमच्या यांच्या दृष्टीने वापीला गाडीत बसलं की बोरिवली म्हणजे घरचंच अंगण. त्याच यादीत श्रेयसला व्हाइस कॅप्टन केलं होतं, पण ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि भाई काय म्हणाले असतील? "अहमदाबादनी हवा सारी छे!" अगदी हसत हसत हं. मनात काही नव्हतं त्यांच्या, मी शपथेवर सांगते. पण ऑगस्टात गिलच्या नावाने दातओठ खाणारा माणूस ऑक्टोबरात एकदम गिलच्याच गुजरात टायटन्सचा झाला, हे यांना झोंबलं. हे उठले. टीव्ही बंद. भाईंच्या हातातला कप घेतला आणि आत ओट्यावर आणून ठेवला. अर्धा भरलेला, वाफ निघत होती! मी बेनकडे पाहते, बेन माझ्याकडे. भाई चपला शोधायला लागले तर एक सापडेना. सोफ्याखाली गेली होती. ती शोधेपर्यंतची दोन मिनिटं… देवा.

खरं सांगू? आपल्या सिल्वासाचं दुखणंच हे आहे. दमण-दीवशी जोडले गेलो त्यालाही वर्षं झाली, पण रणजीत आपल्या नावाची टीम नाही. मग भांडायला टीम उसनी आणायची. तिकडे गुजराती कॉमेंट्री, इकडे मराठी, मधे नऊ इंची भिंत. तिकडे बुमराह-हार्दिक-अक्षर, इकडे रोहित-श्रेयस-ऋतुराज. कोहलीचा मात्र जप दोन्हीकडे.

एक आमचे मामंजी तेवढे शांत. झोपाळ्यावरून म्हणाले, "तुमचा श्रेयस नशीबवान. निदान खेळला तरी. पॅडीला आठवा." पॅडी म्हणजे पद्माकर शिवलकर हो, मार्चमध्ये गेले ते. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स आणि एक टेस्ट नाही. १९७३ची रणजी फायनल चेपॉकवर, १६ रनांत ८ जणांना घरी पाठवलं. पण त्या काळात डावखुरे स्पिनर म्हणून बेदी ठाण मांडून बसलेले. बेदींना काढा असं म्हणायची सोय नाही आणि शिवलकरांना घ्यायला जागा नाही. ते गेल्यावर गावसकर हळहळले, सिलेक्टर्सना आपण पटवू शकलो नाही म्हणून. मामंजी एवढं सांगून थांबले. सुपारी कातरली. मग म्हणाले, "आणि ते गुजराती-मराठी काय लावलंय? वाडेकरला कॅप्टन कुणी केलं?"

हे गप्प! अहो, १९७१ला सिलेक्शन कमिटीत मतं समसमान पडली आणि चेअरमनच्या एका मताने पतौडी गेले, वाडेकर आले. चेअरमन कोण, तर विजय मर्चंट. गुजराती माणूस! वाडेकर तेव्हा बायकोला घेऊन नव्या फ्लॅटसाठी पडदे घ्यायला गेले होते, परत येतात तो ही बातमी. मला तर त्यांच्या बायकोचंच वाटतं, पडद्यांचा रंग ठरला असेल की राहिला असेल! मग वेस्ट इंडीज जिंकलं, इंग्लंड जिंकलं, मुंबईत मिरवणूक. आणि १९७४ला लॉर्ड्सवर ४२ला टीम गुंडाळली गेली तर त्याच वाडेकरांना पश्चिम विभागाच्या टीममध्येसुद्धा घेतलं नाही. तीन वर्षांत! मामंजी म्हणतात लोकांचं असंच असतं. मी म्हणते लोकांचं राहू दे, कमिटीचं बोला.

तर काय सांगत होते… हां, सिडनी. दिवाळी झाली आणि २५ तारखेला रोहितने १२१ ठोकले, नाबाद, वर मालिकावीर. यांनी उरलेल्या फटाक्यांची माळ काढली आणि कुठे लावली असेल? बरोब्बर भाईंच्या भिंतीलगत. मुद्दाम! पण त्याच मॅचमध्ये श्रेयस कॅच घेताना पडला, प्लीहेला इजा, पोरगा हॉस्पिटलात. त्या रात्री बेन कंपाउंडपाशी आल्या, हळूच विचारलं, "श्रेयसने केम छे?" मी म्हटलं, तुम्हाला हो कसली काळजी? तर म्हणाल्या, मी नाही विचारत, आत बसलेत ते विचारतायत. बघा! बोलणं बंद, पण काळजी चालू.

नोव्हेंबरच्या २ तारखेला तर आम्ही दोघी आमच्या हॉलमध्ये आणि पुरुषमंडळी आपापल्या घरात रुसून. मुलींची वर्ल्ड कप फायनल, नवी मुंबईला. पावसाने उशीर, मध्यरात्र उलटली, बेनच्या वाटीतला चेवडा संपला. शफाली वर्मा आठवतेय ना? मूळ यादीत नावच नव्हतं तिचं. प्रतिका रावल पडली, पाय दुखावला, म्हणून सेमीफायनलच्या तोंडावर बोलावली, आणि फायनलला ८७ रन, वर दोन विकेट्स. जेमिमाला तर मधे इंग्लंडविरुद्ध बाहेरच बसवली होती, तिने सेमीफायनलला १२७. पण मी पाहत होते अमोल मुझुमदारांकडे. अकरा हजारांवर फर्स्ट क्लास रन आणि भारताकडून एक मॅच नाही. शाळेत असताना सचिन-कांबळीने ६६४ ची भागीदारी केली तेव्हा हे पॅड बांधून बसून राहिले होते. आणि आता कोच म्हणून वर्ल्ड कप! बेनना त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं तेव्हा पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "आमने कोणे नोता लीधा?" याला कुणी घेतलं नव्हतं? काय उत्तर देणार हो मी, इतक्या वर्षांत किती कमिट्या आल्या आणि गेल्या!

मग २० डिसेंबर. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची यादी. गिल बाहेर! कालचा व्हाइस कॅप्टन थेट घरी, आणि त्याच्या जागी पुन्हा अक्षर. भाईंनी झंडा चौकातून जिलेबी आणली, सगळ्यांना वाटली, आमच्या दारापाशी येऊन दोन मिनिटं घुटमळले आणि परत गेले. मी खिडकीतून बघत होते. जिलेबी संध्याकाळी बेनकडून आली, ती गोष्ट वेगळी.

आणि परवा ३ जानेवारीला न्यूझीलंडची वन डेची यादी लागली. श्रेयस परत, व्हाइस कॅप्टन! फिटनेसच्या अटीवर का होईना. यांनी आंघोळीच्या आधीच देवापुढे साखर ठेवली. आणि आज सकाळी भाई स्वतःहून गेटापाशी आले, हात पुढे केला, "भाऊ, तमारो पण आव्यो!" संपलं. अर्ध्या कप चहाचं भांडण तीन महिन्यांनी मिटलं.

मिटलं म्हणजे… थांबा ना, गंमत पुढेच आहे. श्रेयस आत आला, मग बाहेर कोण गेलं? ऋतुराज! डिसेंबरात रायपूरला १०५ मारले त्याने, साउथ आफ्रिकेविरुद्ध, आणि पुढच्याच यादीत नाव नाही. आमच्या नणंदबाई चिंचवडच्या, म्हणजे ऋतुराज त्यांच्या गावचा. काल रात्री फोन आला. म्हणाल्या, "दादा, तुझ्या श्रेयससाठी आमच्या पोराच्या तोंडाला पानं पुसली ना?" आणि आमचे हे काय म्हणाले असतील? मी शेजारीच भाजी निवडत होते, माझ्या हातातली मेथी खाली पडली. म्हणाले, "त्याची काही चूक नाही गं, पण कुणाच्या जागी घेणार, तूच सांग!" शब्दाला शब्द आगरकरांचा! पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मला ऐकू आला.

तर आता भाईंशी बोलणं सुरू आणि सख्ख्या बहिणीशी बंद. येत्या रविवारी संक्रांतीचं वाण घेऊन येतायत त्या, चार दिवस मुक्काम. भेटाल तर मटारचे भाव काढा, थंडीचं बोला, लेकीच्या बाळंतपणाचं बोला, हवं तर माझी चुगली करा. पण माझे आई, क्रिकेटचं नाव काढू नका.