चढत्या आहेराचे नाना

लग्नपत्रिका आली की सिडकोतले नाना मुहूर्त बघत नाहीत, वही बघतात. निळ्या पुठ्ठ्याची ही वही थोरलीच्या लग्नापासूनची. नाव, गाव, रोख, भांडं, साडी. वाळूजच्या कंपनीत स्टोअरकीपर होते; आवक-जावक जुळल्याशिवाय झोप येत नाही. शेऱ्याचा रकाना वेगळा. मेव्हण्याच्या नावापुढे 'मिक्सर, बिघडलेला' असा शेरा आहे. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला तोच मिक्सर गेला. दुरुस्त करून, कारण नानांचा नियमच आहे: आलेल्यावर थोडं चढवून द्यायचं.

५०१ आले तर ७५१. मग समोरचा १,००१ करतो. "बरोबरी झाली की संबंध संपला," नाना म्हणतात. गुलमंडीवरच्या मित्राशी बोलणं बंद आहे, आहेर चालू आहे. बीड बायपासच्या कार्यालयात दोघं एकमेकांकडे न बघता पाकीट देतात, अन् जेवून येतात.

घोटाळा होतो तो बरोबरीच्या नसलेल्यांशी. धुणंभांडीवाल्या मावशींनी धाकटीच्या लग्नात २०१ दिले. नानांनी मावशींच्या मुलाच्या लग्नात ५,००१. आता नियमाने मावशींनी चढवायचं. कशाने चढवणार? तेव्हापासून त्यांनी पगारवाढीचं नाव काढलेलं नाही. वहीत अजून त्यांच्याकडेच बाकी दिसते.

वरच्या अंगाला नाना स्वतःच मावशी होतात. माजी नगरसेवकांनी मुलाच्या पत्रिकेवर छापलं, 'कृपया आहेर आणू नये.' नाना जेवले, पण घास गोड लागेना. त्यात जायकवाडीचं पाणी आठ-आठ दिवस नळाला फिरकलं नाही की साहेबांचा टँकर गल्लीत, फुकट. फेडता न येणारा उपकार करणाऱ्याच्या हाती सत्ता जाते, असं पीटर ब्लाऊ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६४ सालच्या पुस्तकात मांडलं. साहेबांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यांचं काही अडलंही नाही.

नानांचं अडलं. २०१५ नंतर महापालिकेची निवडणूकच होईना; २०२० मध्ये मुदत संपून प्रशासक बसला, आणि देणं तुंबलं. घरासमोर साहेब दिसले की नाना गाडी मागच्या गल्लीतून काढायचे.

अखेर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. प्रभागात जागा चार, म्हणून मतंही चार. शाई लावून नाना घरी आले ते कधी नव्हे इतके मोकळे.

"चारही त्यांच्याच पॅनलला?" काकूंनी विचारलं.

"मग? टँकर तीन आले होते ना."